चलाबाई आणि बंबखाना

आमच्या गावात कुणाच्या दारात गेलं की आधी 'या, बसा' होतं, मग पाण्याचा तांब्या येतो, मग काम निघतं. बाईंच्या दारात असलं काही व्हायचं नाही. हाक ऐकली की त्या आतूनच चपला पायात सरकवत बाहेर यायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "चला." कुठे चला, हे वाटेत कळायचं. गटार तुंबल्याची तक्रार घेऊन गेलेला माणूस चहाचा विचार करत असतानाच त्या गटाराच्या काठावर पोचलेला असायचा, आणि दुसऱ्या टोकाला बाई काठीने कचरा उपसत असायच्या. मतपत्रिकेवर त्यांचं नाव सुमन होतं. गावाने ते कधी वापरलं नाही. आधी कुचेष्टेने आणि नंतर सवयीने सगळे त्यांना चलाबाई म्हणू लागले. त्यांना ते माहीत होतं. "नावं ठिवायला येळ हाय लोकांना," एवढंच म्हणायच्या.

मी तेव्हा नगरपालिकेच्या अग्निशामक केंद्रात फायरमन होतो. अग्निशामक केंद्र हे पाटीवर. गावाच्या तोंडी तो बंबखाना. टांग्यांच्या काळात घोड्यांसाठी बांधलेली एक दगडी पागा, तिच्यावर मंगलोरी कौलं, त्यातली बरीच फुटकी. आत एक म्हातारा बंब आणि आम्ही चार-पाच माणसं. पावसाळ्यात बंबावर पाणी गळायचं आणि उन्हाळ्यात नळाला थेंब यायचा नाही. बंब भरायला खाली नदीवर जावं लागे. फायरमनचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. घंटा वाजेल, फोन वाजेल, कुणी धावत येईल. पत्ते, झोप, पेपरातलं कोडं, आणि आत कुठेतरी सतत चाललेली कुरतड. ती कुणाला सांगताही येत नाही. गावात आग लागली नाही म्हणून बेचैन आहे, असं म्हणायची सोय नसते.

नव्वदच्या दशकात बायकांसाठी वॉर्ड राखीव झाले आणि बाई निवडून आल्या. त्या सुरुवातीच्या काळात पुष्कळ ठिकाणी निवडून बाई यायची आणि सभेला नवरा जायचा. बाईंचे यजमान अप्पा यांची पिठाची गिरणी होती. लोक त्यांना 'मेंबर' म्हणू लागले तेव्हा त्यांनी पिठाचे हात जोडले. म्हणाले, "मी दळणाचा मेंबर. बाकीचं तिला इचारा." त्यानंतर अप्पांना कुणी काही विचारलं नाही.

शपथ घेतल्यावर बाई पहिल्यांदा कुठे आल्या असतील तर बंबखान्यात. कारण साधं होतं. नगरपालिकेपासून गिरणीच्या वाटेवर तो पहिला लागायचा. त्यांनी बंबाला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "चालू करून दावा." सखाराम ड्रायव्हरने किल्ली फिरवली. बंब खोकलासुद्धा नाही. बॅटरी उतरली होती. सखाराम शिनोलीच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला माणूस. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "धक्का द्यावा लागतो, बाई." बाईंनी पदर खोचला आणि मागे जाऊन बंबाला हात लावला. आम्ही लाजेने धावलो. बंब उतारावर लागला, धूर ओकत सुरू झाला, आणि बाई रस्त्यात उभ्या राहून ओरडल्या, "आग लागल्यावर आधी धक्का मारणार का तुमी? आन् उतार नसंल तर?"

हे सगळं शेजारच्या सुतारआळीभर ऐकू गेलं. बाईंचं बोलणं नेहमीच आळीभर ऐकू जायचं. माहेर निरगुडसरचं, शेतकऱ्याचं. तिथे या बांधावरून त्या बांधावर हाका मारायची सवय. सासरी आल्या तर घरात गिरणी. पट्ट्याच्या खडखडाटात वीस वर्षं संसार केलेल्या बाईला हळू बोलणं कसं येणार? त्या कानात काही सांगायला लागल्या तरी समोरच्या दुकानातला माणूस 'हो, हो' म्हणायचा. त्यामुळे नगरपालिकेतल्या बाकीच्या मेंबरांची एक अडचण झाली. बाईंशी गुपचूप काही ठरवता येत नसे.

सभेतही त्या भिंतीला टेकून उभ्या असत. जेवण उभ्याने, बहुतेक वेळा शेंगदाणे आणि गूळ, चालता चालता. "साचल्या पाण्यात डास व्हतात आन् बसल्या माणसात कुरबुरी," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. याचा त्रासही होता. एक काम पुरं व्हायच्या आत त्यांचं मन दुसऱ्यावर उडी मारायचं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचा कट्टा त्यांनी अर्धा बांधून घेतला आणि तो पुढे कैक वर्षं तसाच अर्धा राहिला. मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्या कुठल्याशा मोरीच्या पाइपाशी भांडत होत्या. लेकीने पेढा तिथे आणून दिला. बाईंनी तो खाल्ला, डोळे पुसले, आणि पुन्हा पाइपाकडे वळल्या.

आण्याचं पठार आमच्या तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला. पाऊस तिकडे जाताना बहुतेक वाटेतच थकतो. एका उन्हाळ्यात तिकडच्या बायका रिकामे हंडे घेऊन आमच्या गावापर्यंत आल्या. टँकर पुरत नव्हते. बाई पाणी समितीवर होत्या. त्यांनी सभेत विचारलं, "बंबात पाणी मावतं ना? मंग उभा कशाला ठेवलाय?" मुख्याधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि आमचा बंब दर दोन-तीन दिवसांनी आण्याला पाणी घेऊन जाऊ लागला. टाकी आतून घासून धुतली तरी पाण्याला गंजाचा वास यायचा. बायका तो वास घेत, नाक मुरडत आणि तरीही हंडा पुढे करत.

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही तिकडेच होतो. मी, सखाराम आणि बाई. बाई जवळजवळ प्रत्येक खेपेला यायच्या. टाकी रिकामी होत आली होती. शेवटच्या हंड्यासाठी दोघी जणी भांडत होत्या आणि बाई त्या दोघींवर ओरडत होत्या. एवढ्यात ग्रामपंचायतीच्या बाजूने एक माणूस धावत आला. "बंब हाय ना अजून? तुमच्या गावाकडून फोन आलाय. सुतारआळी पेटलीया."

आणे घाट आम्ही कसा उतरलो ते सखारामलाच माहीत. टाकी कोरडी होती. आळेफाट्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या विहिरीवर भरून घ्यावी म्हणून गाडी थांबवली, तर लाइट नव्हती. पुढे निघालो. बाई दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसल्या होत्या, आणि त्यांचा एक पाय सारखा खाली आपटत होता, जणू ब्रेक, क्लच, ॲक्सिलेटर सगळं त्यांच्याकडेच आहे. गावात शिरलो तेव्हा आळीच्या तोंडाशी माणसांची गर्दी होती. बंब दिसताच त्यांनी ओरडून वाट करून दिली. मी होजचा पाइप ओढत पुढे धावलो. तळाशी थोडं तरी उरलं असेल या आशेने सखारामने पंप लावला, आणि होजमधून हवा आली.

तो आवाज मी नोकरीत पुढे कधी ऐकला नाही, आणि कधी विसरलोही नाही. बंबखान्याच्या नळाला पाणी नव्हतं. बंब नदीवर नेऊन भरून आणेपर्यंत माळवदाच्या त्या लाकडी घरांतलं एक पूर्ण बसलं होतं. त्याच्या माळ्यावर नर्मदाकाकू होत्या. दत्तू सुताराची आई. गुडघ्यांनी अधू, खाली उतरता आलं नाही. माळ्यापर्यंत पोचेल अशी शिडीही कुणाकडे नव्हती.

अंत्ययात्रेत मागून कुणीतरी म्हणालं, "आण्याची तहान भागली, आमची आळी जळाली." बाई तिथेच होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. दत्तूने मात्र वळून बघितलं, बोलणाऱ्याकडे नव्हे, बाईंकडे.

पुढच्या सभेत ठराव आला की बंब पाण्यासाठी कुठेही जाणार नाही. बाईंनी एकटीने विरोध केला. मी दाराशी उभा होतो. त्या म्हणाल्या, "बंब मी पाठवला. तहानलेल्याला पाणी दिलं ही माझी चूक न्हाई. बंब गेल्यावर मागं गावाजवळ काय उरतंय, हे मी इचारलं न्हाई, ती चूक. ती मी मानते." पहिल्यांदाच त्यांचा आवाज सभागृहाबाहेर गेला नसेल. ठराव मंजूर झाला. आण्याला बंब जाणं थांबलं.

त्यानंतरचे कित्येक आठवडे बाई बंबखान्यात यायच्या आणि काही न बोलता चकरा मारायच्या. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून परत. आमचीही झोप उडाली होती. त्यांच्या चकरांनी आणखी उडायची. एक दिवस मागच्या अंगणात त्या थबकल्या. तिथे वर्षानुवर्षांचा उकिरडा होता, जुने टायर, फुटकी कौलं, गंजलेले पत्रे. त्यांनी पायाने एक टायर सरकवला. खाली दगडी काठ दिसला.

"हे काय?"

"आड हाय, बाई," सखाराम म्हणाला. "घोड्यांना पाणी पाजायला व्हता म्हनं. बुजवलाय कवाच."

"आग इझवायच्या जागेत आड, आन् तो बुजवलाय," बाई म्हणाल्या. "चला."

या 'चला'ला आम्ही सगळे उठलो. पाट्या, फावडी, दोर. बाई स्वतः पाट्या झेलायला उभ्या राहिल्या. दोन-तीन दिवसांनी आळीतल्या बायका आल्या, मग त्यांची माणसं. बाहेरून हॉटेलवाला चहा पाठवू लागला. टायर निघाले, एक सायकल निघाली, कुणाचं तरी पितळी घंगाळ निघालं आणि त्यावरून दोन घरांत भांडण लागलं. शेवटी तळ लागला, आणि तळाशी ओल होती. पाणी म्हणावं असं काही नव्हतं. बाईंनी ओला गाळ मुठीत धरला, वर कौलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खालनं येत न्हाई तर वरनं आणू."

पण वरचं छप्परच जायच्या बेतात होतं. पागा पाडून तिथे स्लॅबचे दुकानगाळे काढायचे आणि बंब गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचा, असा विचार पालिकेत जोर धरत होता. जागा मोक्याची होती. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली होती आणि त्या वेळी पद महिलेसाठी राखीव होतं. बाईंचं नाव सर्वांत पुढे होतं. दुसऱ्या इच्छुक बाईंच्या मागे गाळेवाली मंडळी होती. बाईंनी काय केलं असेल? त्या सरळ त्या दुसऱ्या बाईंच्या घरी गेल्या, मला बरोबर घेऊन, आणि दारातच म्हणाल्या, "अध्यक्ष तुमी व्हा. माझी माणसं तुमच्या मागं उभी करते. बंबखाना मला द्या." खुर्ची कुणी अशी दारात उभ्याने देऊन टाकल्याचं मी पुन्हा पाहिलं नाही. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

पुण्याहून एक तरुण आर्किटेक्ट आला. जुन्या इमारती न पाडता दुरुस्त करण्यात त्याला रस होता. तो बिचारा टेप घेऊन मापं घ्यायचा आणि बाई मध्येमध्ये चालायच्या. "ताई, जरा एका जागी थांबता का?" असं तो काकुळतीने म्हणायचा. दोघांची रोज खडाजंगी. त्याला दगडी भिंती मोकळ्या हव्या होत्या, बाईंना बंब लवकर बाहेर पडायला दार रुंद हवं होतं. त्याने भिंतीत वर झरोके काढले, म्हणजे गरम हवा निघून जाईल. कौलांमध्ये मधूनमधून काचेची कौलं बसवली, म्हणजे दिवसा दिवा लागणार नाही. पावसाचं पाणी पन्हाळीतून एका खड्ड्यात यायचं, तिथे वाळू, खडी आणि कोळशाच्या थरांतून गाळून आडात उतरायचं. सरावाला उडवलेलं पाणीसुद्धा चर खणून कडेच्या झाडांकडे वळवलं. बाईंनी आडावर पंपाबरोबर रहाट बसवायला लावला. "लाइट नसली तर?" त्यांनी विचारलं, आणि आळेफाट्याजवळची ती विहीर माझ्या डोळ्यांपुढे आली.

राहिलं छप्पर. सागवानी तुळया चांगल्या होत्या, पण सांधे सुटले होते. असं जुनं लाकूडकाम जाणणारा गावात एकच होता. दत्तू.

बाई मला म्हणाल्या, "चला." जळालेल्या घराच्या जागेवर दत्तूने पत्र्याचा आडोसा केला होता आणि तिथे तो रंधा मारत होता. आम्ही जाऊन उभे राहिलो. त्याने मान वर केली नाही. रंधा चालू राहिला. थोड्या वेळाने आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "बाई, दुसरा सुतार बघू. मंचरहून आणू." त्या चालत राहिल्या.

अशा किती खेपा झाल्या ते सांगता यायचं नाही. एक दिवस रंधा थांबला.

"बाई, तुमी हितं येऊन उभ्या ऱ्हाता, माझं काम व्हत न्हाई."

बाई तिथून हलल्या नाहीत.

"एकच सांगा मला," दत्तू म्हणाला. त्याने अजूनही वर बघितलं नव्हतं. "त्या दिशी गाडी गावात असती, तर माझी आई वाचली असती का?"

मला वाटलं, बाई काहीतरी आडवळण घेतील. वारा होता, लाकूड होतं, नशीब होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मीसुद्धा तेच सांगितलं असतं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "वाचली असती."

दत्तूने आता वर बघितलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग दत्तूने रंधा उचलला आणि पुन्हा कामाला लागला. आम्ही परतलो. वाटेत बाई माझ्याही पुढे गेल्या, इतक्या भरभर, की मला पळावं लागलं.

चार-आठ दिवसांनी सकाळी दत्तू हत्यारांची पेटी घेऊन बंबखान्यात आला. छपराकडे बघितलंही नाही. आवारात पडलेलं चांगलं सागवान निवडलं आणि सगळ्यांत आधी एक शिडी केली. लांब, भक्कम, माळ्याला पोचेल अशी. ती भिंतीला टेकवली, स्वतः चढून बघितली, आणि मग तीच लावून तो तुळयांकडे गेला. पूर्ण काम होईपर्यंत तो बाईंशी एक शब्द बोलला नाही. बाईंनीही त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. त्यांच्यासारखीला ते किती जड गेलं असेल.

बंबखाना उभा राहिला. बाजूच्या घोड्यांच्या खणांत अभ्यासिका झाली. घरात जागा नसलेल्या मुली तिथे संध्याकाळी वाचत बसायच्या. अंगणात बचत गटाच्या बायका जमायच्या. "बंबखान्याकडं माणूस फकस्त जळाल्यावर येतो," बाई म्हणायच्या, "ते मला नगं. रोज आली पायजेत माणसं. आड कुठंय, शिडी कुठंय, दोर कुठंय, झोपेत सुदिक ठावं पायजे त्यांना." दर आठवड्याला आम्ही आळीला सराव द्यायचो. स्टोव्हच्या भडक्यावर ओलं पोतं कसं टाकायचं, बादल्यांची रांग कशी धरायची. सुरुवातीला बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. नंतर त्या आम्हालाच ओरडू लागल्या. पोतं नीट भिजवलं नाही म्हणून एका आजींनी मला सर्वांदेखत झापलं होतं.

आणि हे सगळं कामाला आलं. बंब शिनोलीकडे गवताच्या गंजी विझवायला गेला होता. बाई पुण्याला कसल्याशा बैठकीला. मी एकटाच मागे होतो. दुपारी सुतारआळीच्याच पलीकडे एका घराला आग लागली आणि माळ्यावर एक लेकुरवाळी अडकली. मी घंटा बडवली आणि मागे वळून बघतो तर रहाट आधीच फिरत होता. बादल्यांची रांग आडापासून घरापर्यंत लागली होती. शिडी दोघांनी उचलली होती, आणि चढणारा दत्तू होता. आधी मूल खाली आलं, मग ती. घराचं छप्पर गेलं, माणसं राहिली.

बाई संध्याकाळी एसटीतून उतरल्या तेव्हा राखेतून थोडा धूर निघत होता. सगळं आटोपलं होतं. त्यांच्यासाठी काहीच शिल्लक नव्हतं. मग त्यांनी होज जमिनीवर ओले टाकले म्हणून मला फैलावर घेतलं, बादल्या मोजल्या नाहीत म्हणून आळीला फैलावर घेतलं, आणि हे करताना त्यांचा आवाज मध्येच फाटला. दत्तू पलीकडे हाताला तेल लावून घेत बसला होता. हात भाजला होता. तो तिथूनच म्हणाला, "शिडी एका पायरीनं कमी पडली, बाई. लांब करावी लागंल."

"करू," बाई म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर दत्तू त्यांच्या दारात दळण घेऊन येऊ लागला.

पुढच्या निवडणुकीत वॉर्डाचं आरक्षण बदललं. बाई दुसरीकडून उभ्या राहिल्या आणि पडल्या. आम्हाला वाटलं, आता थोडं निवांत होतील. मुलीचं लग्न झालं होतं, अप्पा थकत चालले होते. पण बाईंचं मन गावात लागेना. बंबखान्यात यायच्या, रहाटाला हात लावून बघायच्या, अभ्यासिकेतल्या मुलींच्या पुस्तकांत डोकावायच्या आणि निघून जायच्या. एक दिवस सखारामला म्हणाल्या, "हितलं झालं रं. तिकडच्यांचा हंडा अजून रिकामाच हाय." तिकडच्या म्हणजे आण्याच्या. ठरावाने बंब थांबवला, त्याला इतकी वर्षं झाली होती. आम्ही विसरलो होतो.

काही महिन्यांतच त्या आणि अप्पा गिरणी टेम्पोत घालून पठारावर राहायला गेले. गाव हसलं. या वयात कुणी पाणी असलेल्या गावातून पाणी नसलेल्या गावात जातं का? दत्तूने गिरणीचं जातं उचलून टेम्पोत ठेवायला हात दिला आणि निघून गेला. मी टेम्पोजवळ उभा होतो. बाई म्हणाल्या, "आडाचा गाळ दर उन्हाळ्यात काढायचा, भाऊ. आळस करू नका." टेम्पो सुरू झाला.

मग माझी बदली झाली, सखाराम निवृत्त होऊन डोंगरात गेला, आणि बाई गेल्याचं मला उशिरा कळलं. पठारावरच, थंडीतापाचं निमित्त झालं म्हणे. अप्पांना लेक आपल्याकडे घेऊन गेली होती. रजा मिळाल्यावर मी आण्याला गेलो. आता तिथे कुणाला भेटायचं होतं, हे मलाही सांगता आलं नसतं. तरी गेलो.

वस्तीच्या वरच्या अंगाला उतारावर आडवे चर खणलेले होते, एकाखाली एक, आणि खाली दगडी काठाची एक टाकी होती. उन्हाळा होता. टाकीत पाणी खूप नव्हतं, पण होतं. एक मध्यमवयीन बाई दोराने घागर वर ओढत होती. मला बघून तिने काठावर जागा करून दिली आणि तांब्या पुढे केला. मी प्यालो. पाणी थंड होतं.

"कुणाकडं आलाय, पावणं?"

मी बाईंचं नाव सांगितलं, मतपत्रिकेवरचं. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"तुमी त्यांचे कोन?"

मी काय सांगणार? नात्याचा नव्हतो, गोत्याचा नव्हतो. "कुणी नाही," मी म्हणालो. "त्यांच्या हाताखाली कामाला होतो."

तिने घागर कमरेवर घेतली.

"मंग आमीबी," ती म्हणाली, आणि वस्तीकडे चालू लागली.